भावपत्र

“मला एक सांगा शिंत्रे,” आगटेसाहेब म्हणाले, “हे लोक कॉम्प्युटर विकतायत की वाटतायत?”

टेबलावर वर्तमानपत्राचं पहिलं पान पसरलेलं होतं. खालच्या अर्ध्या पानावर एकच जाहिरात. बाहेरच्या एका बड्या कंपनीनं मुंबई-पुण्यात आपल्या कॉम्प्युटरचा भाव छत्तीस हजारांवर आणला होता, वर प्रिंटर फुकट. दिवाळीपासून हाच भाव राज्यभर, अशी ग्वाही खाली ठळक अक्षरात. आमची ‘गिरिजा’ बेचाळीस हजारांना होती. प्रिंटर नव्हता, मशीन झाकायला एक प्लॅस्टिकचं कव्हर मात्र आम्ही देत असू, आणि तेवढ्यावर गिऱ्हाईक खूश असे.

गिरिजा हे साहेबांच्या आईचं नाव. नाशकात सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याची शेड घेऊन, सुटे भाग जोडून ते स्वतःच्या नावाचे, म्हणजे आईच्या नावाचे, कॉम्प्युटर बनवत. शेडमध्ये चौतीस माणसं होती. तालुक्याच्या गावांतून बावीस डीलर होते. “आमच्याकडे गिरिजा नांदायला आली,” असं लोक हसून सांगत. मी तिथं कॉस्टिंग बघायचो. एक गिरिजा उभी करायला किती पडतात आणि विकून किती सुटतात, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. वय सत्तावीस होतं आणि स्वतःच्या हुशारीवर माझा फार जीव होता.

“आपण किती उतरू शकतो?” साहेबांनी विचारलं.

“साडेचार हजार. साडेसदतीसला गिरिजा परवडते. सुटे भाग गेल्या दोन महिन्यांत उतरलेत, त्यामुळे नव्या मशिनींवर मार्जिन थोडं कमी होईल, पण जाणार नाही. आणि साडेसदतीसला दिवाळीत दुपटीनं खपतील. हे लोक बाहेरचे आहेत, बिघाड झाला तर गिऱ्हाइकाला पुण्याला फोन लावावा लागतो. आपला माणूस दुसऱ्या दिवशी दारात असतो. हजार-दीड हजाराच्या फरकाला लोक आपल्याला सोडणार नाहीत.”

“मग अडलंय कुठं?”

“गोडाउनमध्ये.”

गोडाउनमध्ये एकशे साठ गिरिजा तयार होऊन बसल्या होत्या, महाग भागांच्या. त्या नव्या भावानं काढायच्या तर नफा सोडाच, प्रत्येकीमागे पदरचे हजार घालावे लागणार होते. जुन्या आणि नव्या भावातला फरक धरला तर सात लाख वीस हजारांचा खड्डा. सणाच्या तोंडावर एवढा खड्डा पडला असता तर चौतीस माणसांचा बोनस त्यात गेला असता आणि जानेवारीत शेडला कुलूप लागलं असतं. हे साहेबांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. कॉम्प्युटरचे भाव वर्षातून दोन-तीनदा उतरायचेच. ते उतरायच्या दहा दिवस आधी साहेब बावीसही डीलरांना एकाच दिवशी पत्र टाकत. त्याला आम्ही भावपत्र म्हणायचो. अमुक तारखेपासून अमुक भाव, आणि त्या दिवशी तुमच्या दुकानात न विकलेल्या जितक्या मशिनी असतील तितक्यांचा फरक आमच्याकडून. धंद्यातले बाकीचे लोक यावर हसत. डीलरच्या गळ्यात माल मारायचा आणि मग भाव उतरवायचा, हीच तेव्हा सगळीकडची वहिवाट होती. साहेबांचं म्हणणं एवढंच, की भाव उतरला तर तो सगळ्यांना एका दिवशी कळला पाहिजे.

आता भावपत्र टाकलं असतं तर दसऱ्याला एकाही डीलरनं माल उचलला नसता. कोण उचलेल? दहा दिवस थांबला की साडेचार हजार वाचणार. आणि उचलला असता तरी न विकलेल्या मशिनींचा फरक आमच्याच अंगावर येणार होता.

“साहेब,” मी म्हणालो, “या वेळी भावपत्र टाकलंच नाही तर?”

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मीच पुढं रेटलं.

“नवरात्रात मी फिरतीवर जातो. एकशे साठच्या एकशे साठ दसऱ्यासाठी जुन्या भावानं डीलरांकडे लावून येतो. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात जाहिरात देऊ. दसऱ्याच्या मुहूर्तावर अर्ध्याअधिक त्यांच्याकडूनही जातील. उरतील त्यांचा थोडा तोटा त्यांना होईल. पण एकटे आपण बुडण्यापेक्षा बावीस जणांनी थोडं थोडं सोसलं तर कुणीच बुडत नाही.”

हे शेवटचं वाक्य मी सकाळी अंघोळ करताना तयार केलं होतं. मला ते फार आवडलं होतं.

आगटेसाहेब उठले आणि काचेतून शेडकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “मला हे सुचलं नव्हतं असं समजू नका. आठ दिवस तेच घोळतंय डोक्यात. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं की बरं वाटेल असं वाटलं होतं. तसं वाटत नाहीये.”

“मग राहू द्या.”

“नाही. जा तुम्ही.” ते वळले. “पण कुणी तोंडावर विचारलं, भाव उतरणार का, तर खोटं बोलायचं नाही. हो म्हणायचं आणि ऑर्डर न घेता परत यायचं.”

मी मान डोलावली. मनात म्हटलं, बोलण्यात मला कोण पकडतोय.

नवरात्रभर मी फिरलो. सिन्नर, संगमनेर, मालेगाव, मनमाड, चांदवड. एस.टी.त बसल्या बसल्या मी उत्तरांची जुळवाजुळव करायचो. कुणी विचारलंच तर काय बोलायचं, म्हणजे खोटंही होणार नाही आणि ऑर्डरही जाणार नाही. “बाजाराचं कोण सांगणार?” असं एक उत्तर होतं. “सध्या तरी पत्र निघालेलं नाही,” हे दुसरं. ते अक्षरशः खरं होतं.

एकही उत्तर कामी आलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

आधी मला हायसं वाटलं. मग संगमनेरचा डीलर ऑर्डरवर सही करता करता म्हणाला, “त्या बड्या कंपनीनं भाव पाडलेत म्हणे. आपल्याला काय, आपला उतरला तर साहेबांचं पत्र येतंच.” आणि त्यानं पेनाला टोपण लावलं. तेव्हा मला उमगलं, की या माणसांना प्रश्न विचारायची सवयच राहिलेली नाही. दहा वर्षांत आम्हीच ती मोडली होती. त्या रात्री लॉजवर जेवण गेलं नाही. पण सकाळी उठून मी मालेगावची गाडी पकडली, हेही खरं.

येवला शेवटचं. तिथं पोचलो तेव्हा गोडाउनमध्ये हिशेबानं पंधरा मशिनी उरल्या होत्या.

येवल्याचे आमचे डीलर म्हणजे मुरलीधर वडनेरे. सगळा गाव त्यांना काका म्हणे. साठीचे, बुटके, शर्टाच्या खिशात कायम खोडरबर. तीस वर्षं त्यांनी टायपिंग इन्स्टिट्यूट चालवलं होतं. येवल्यातले निम्मे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले. टायपिंगचे दिवस सरायला आले हे ओळखून त्यांनी गिरिजा विकायला घेतली, पण पुढच्या खोलीतले सहा टाइपरायटर हलवले नव्हते. कॉम्प्युटरची ऑर्डरसुद्धा ते टाइपरायटरवर टाइप करून देत. “या पोरीवर माझा भरवसा आहे,” गिरिजेकडे बोट दाखवून म्हणत, आणि मग टाइपरायटरवर थाप मारून, “पण ही बाई जुनी आहे.”

“या, या हेमंतराव!” मला बघताच ते उठले. “अहो, ऐकलंत का? साबुदाण्याची खिचडी वाढा, शिंत्रे आलेत. उपास आहे ना तुमचा? नसला तरी खिचडी चालते.”

खिचडी झाली, ताक झालं. मी दसऱ्याचा विषय काढला. काका दरवर्षी दसऱ्याला पाच मशिनी घेत, फार तर सहा.

“या वेळी दहा लावाल का?” मी विचारलं. सात म्हणतील, असा माझा अंदाज होता.

काकांनी खिशातून खोडरबर काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आला प्रश्न.

“हेमंतराव, एक विचारू? खरं सांगाल?”

“विचारा ना.”

“कंपनी अडचणीत आहे का?”

बावीस ठिकाणांसाठी मी उत्तरं तयार केली होती, हा प्रश्न त्यांत नव्हता.

“नका सांगू,” ते लगेच म्हणाले. “मीच चुकलो विचारायला. घरातली गोष्ट आहे तुमच्या. पण पेपर मीही वाचतो. एवढी मोठी धेंडं भाव पाडून बसल्यावर आगटेसाहेबांसारख्या माणसाचं काय होत असेल, ते न कळायला मी काय कुकुलं बाळ आहे? दहा नाही, पंधरा लिहा.”

“काका, पंधरा खपतील का?”

हे मात्र मी मनापासून विचारलं होतं.

“खपवू. पतसंस्थेत तीन जातील. पैठणीवाले दोन घेतो म्हणालेत. राहिल्या तर राहिल्या, दिवाळी आहे की. अहो, चार वर्षांमागं माझ्या दोन मशिनी पावसाच्या पाण्यात गेल्या, तेव्हा साहेबांनी नव्या पाठवल्या आणि बिल धाडलं नाही. मी विसरलो नाही.”

ते टाइपरायटरवर बसले. कागद चढवला आणि न बघता, दहाही बोटांनी, ऑर्डर टाइप केली. गिरिजा कॉम्प्युटर, नग पंधरा. तो टकटकाट थांबेपर्यंत मला बोलायला वेळ होता. एक वाक्य पुरेसं होतं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो. कागद त्यांनी माझ्या हातात दिला, मी घडी घालून खिशात ठेवला आणि मनमाडकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. गोडाउन रिकामं झालं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जाहिरात आली. ‘आता गिरिजा साडेसदतीस हजारांत.’ सकाळी नऊला ऑफिसचा फोन वाजायला लागला तो संध्याकाळपर्यंत ठेवता आला नाही. मालेगावचा डीलर अर्वाच्य बोलला. संगमनेरचा बोललाच नाही, “पत्र आलं नाही साहेबांचं?” एवढं विचारून त्यानं फोन ठेवला आणि पुन्हा कधी आमचा माल उचलला नाही. बावीसातले पाच गेले. बाकीचे शिव्या देऊन राहिले, कारण साडेसदतीसला गिरिजा धडाधड जात होती. दिवाळीपर्यंत आम्ही चारशेवर मशिनी विकल्या. बोनस झाला. मला पगारवाढ आणि मॅनेजर असा हुद्दा मिळाला. माझा हिशेब एका पैशानंही चुकला नव्हता.

येवल्याहून फोन आला नाही. भाऊबीज झाल्यावर पत्र आलं, टाइप केलेलं. साहेबांनी ते वाचलं आणि मला बोलावून पुढं सरकवलं.

‘सप्रेम नमस्कार. आपले या वेळचे भावपत्र मला मिळाले नाही. टपालात गहाळ झाले असावे. आपण पाठवले नसेल असे होणे नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नये. दसऱ्यास ज्या सात जणांनी जुन्या भावाने मशिनी नेल्या त्यांना मी प्रत्येकी साडेचार हजार रुपये आपल्या नावाने परत केले आहेत, कारण गावात आपली तशी ख्याती आहे व ती राहावी. उरलेल्या आठ नव्या भावाने गेल्या. सवडीने हिशेब बघावा. घाई नाही. येथील पोस्टाची मात्र मी तक्रार केली आहे. कळावे, आपला, मु. ग. वडनेरे.’

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायचं धाडस झालं नाही.

साहेबांनी चेकबुक काढलं आणि पंधरा मशिनींचा फरक लिहिला, साडेसदुसष्ट हजार.

“हा चेक त्यांना द्या. आणि खरं काय ते सांगा.”

“दोन्ही?”

“दोन्ही. नुसता चेक दिलात तर ते आपल्याला आणखी चांगलं म्हणतील. ते मला सोसणार नाही.” मग चेकबुक मिटत ते म्हणाले, “मीच जायला हवं. पण माझ्यात तेवढी ताकद नाही, शिंत्रे. तुम्ही तरुण आहात.”

मी तरुण होतो, हे खरं. दुसऱ्या दिवशी येवल्याला गेलो. वाटेत मी काहीही जुळवलं नाही. पोचताक्षणी बोलून टाकायचं, एवढंच ठरवलं होतं.

काका पायरीवरच उभे होते. मला बघून त्यांना एवढा आनंद झाला, की माझं पहिलं वाक्य तिथंच पडलं. काकूंनी फराळाचं ताट आणलं. चकली, अनारसे. मी चेक आधी दिला. निदान एक काम तरी होऊ दे म्हटलं. काकांनी तो नीट वाचला, काकूंना दाखवला आणि म्हणाले, “बघा. मी म्हणत नव्हतो?”

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. त्या सात जणांना द्यायला काकांनी पोस्टातली ठेव मोडली होती, हे मला तेव्हा कळलं.

“काका,” मी म्हणालो, “ते भावपत्राचं—”

“थांबा!” काका ताडकन उठले. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली होती. खाकी कपड्यांतला, पन्नाशी ओलांडलेला एक पोस्टमन सायकल भिंतीला लावत होता. त्यानं दोन पाकिटं आणि एक मासिक काढलं, पायरीवर ठेवलं आणि वर न बघता निघाला.

“कारभारी!” काकांनी हाक मारली. “इकडं ये. आज साहेब स्वतः आलेत कंपनीचे. त्यांच्या तोंडावर सांग काय ते.”

मला म्हणाले, “हा कारभारी गुंजाळ. सतरा वर्षं माझं टपाल टाकतोय. रोज इथं बसून चहा घेऊन जायचा. पण चुकलो म्हणायला तयार नाही. मी काय फाशी देणार होतो? नाहीच आलं म्हणतो पत्र, नाहीच! म्हणजे आगटेसाहेब खोटे? शेवटी मी अर्ज टाइप केला पोस्टमास्तरांकडे. या दिवाळीला याला पोस्तसुद्धा दिली नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा.”

कारभारी खालच्या पायरीवर उभा होता. टोपी हातात घेतली होती. त्यानं काकांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. आपण पत्त्यावरचं अस्पष्ट अक्षर लावायला बघतो, तसं.

“हेमंतराव,” काका म्हणाले, “पत्र कुठल्या तारखेला टाकलं होतंत?”

एवढा सरळ प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल. उत्तरही तेवढंच सरळ होतं. टाकलंच नव्हतं. तीन शब्दसुद्धा नाहीत. काकू दारात उभ्या होत्या. चेक त्यांच्या हातात होता.

“काका,” कारभारी म्हणाला, “त्या साहेबांना कशाला ताटकळत ठेवताय. राहिलं असंल माझ्याकडनं.”

“काय म्हणालास?”

“राहिलं असंल. सणाची गर्दी व्हती. दुसऱ्याच्या गठ्ठ्यात गेलं असंल, कुठं पडलं असंल. चूक झाली माझी.”

काकांचा आवाजच बदलला. “अरे मग इतके दिवस का नाही बोललास?”

“नाही बोललो, खरं.”

“हात्तिच्या!” काका खाली उतरले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “एवढंच ऐकायचं होतं रे मला. अहो, चहा टाका, तीन कप. मी तो अर्ज आजच मागं घेतो. आणि पोस्त कुठाय त्याची?” ते पैसे आणायला आत गेले, काकू चहाला गेल्या.

पायरीवर आम्ही दोघंच राहिलो.

“गुंजाळ,” मी म्हणालो, “ते पत्र...”

“नव्हतंच ना?” कारभारी हळू म्हणाला. “तुमच्या कंपनीचं पाकीट मला लांबून कळतं साहेब. काका वाट बघायचे त्याची. आलं असतं तर मी सायकल न लावता हातात दिलं असतं.”

“मग तुम्ही का...”

“दोन वर्षं राहिलीत माझ्या नोकरीची. चौकशी लागली असती. मी नाही म्हणत व्हतो तोवर काका हट्टाला पेटले व्हते. त्यांना मी खोटा किंवा तुम्ही खोटे, दोनातलं एक पाहिजे व्हतं. मी खोटा निघालो तर ते माफ करत्यात, मला ठावं हाय. आता बघा, झालं की नाही?”

“मी सांगतो त्यांना. आत्ता सांगतो.”

त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. “सांगा की. मी कोण नको म्हणणारा. पण त्या सात घरांत जाऊन काकांनी पैशाची पाकिटं वाटलीत. तुमच्या कंपनीचं नाव टाइप करून. म्हणाले, बघा, अशी माणसं हायेत अजून. तुम्ही आता सांगितल्यावर ते कुणाला तोंड दाखवणार, तेवढं बघा आणि सांगा.”

त्याला मला अडवायचं होतं असं आज वाटत नाही. त्यानं जे होतं ते सांगितलं. पण मला कारण हवंच होतं, आणि इतकं चांगलं कारण मला स्वतःला सुचलं नसतं. काकांचा मान राहावा म्हणून गप्प बसायचं. मी ते दोन्ही हातांनी घेतलं. यालाही आता पंचवीस वर्षं होत आली. ते कारण खरं होतं की सोयीचं, याचा हिशेब मला अजून लावता आलेला नाही. आणि हिशेब हेच माझं पोटापाण्याचं काम होतं.

आतून काकांची हाक आली. आम्ही आत गेलो. कारभारी भिंतीलगतच्या बाकावर बसला, बहुधा त्याची रोजची जागा. काकूंनी त्याच्या ताटात दोन अनारसे जास्त घातले. काकांनी त्याच्या खिशात नोट कोंबली, तो नको नको म्हणाला, मग त्यानं ती राहू दिली. बोलणं पुन्हा सुरू झालं, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची बदली. तीन आठवड्यांचं साठलेलं होतं दोघांचं. काका इतके हलके झाले होते, की चहा पिता पिता त्यांनी मला आणखी सहा मशिनींची ऑर्डर सांगितली. मी लिहून घेतली. टाइपरायटरवर बसायला त्या दिवशी त्यांना सवड नव्हती.

कारभारी उठला तसे काकाही उठले. दारापर्यंत त्याला सोडायला गेले आणि तिथूनच माझ्याकडे वळून, त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, “उशिरा का होईना, पण तोंडावर कबूल केलं यानं. याला छाती लागते. माणसानं असं असावं. काय हेमंतराव?”

कारभारी खाली मान घालून चपला शोधत होता.

“हो,” मी म्हणालो.